एका चमच्याची तूट

बँकेत रोकड कमी भरली, की ती कॅशिअरने स्वतःच्या खिशातून भरून काढायची, असा दंडक आहे. बावीस वर्षांच्या नोकरीत मी हा दंडक चार वेळा पाळला आहे आणि चारही वेळा घरी 'आज भूक नाही' असं सांगून लवकर झोपलो आहे. पण पैशाचं एक बरं असतं. पाचशेची एक नोट गेली, तर तिच्या जागी पाचशेची दुसरी ठेवता येते. 'ही तीच का?' असं कुणी विचारत नाही. नोटेला माहेर नसतं. चमच्याला असतं, हे मला गेल्या थंडीत कळलं.

तसे आमच्या घरात चमचे पुष्कळ आहेत. लग्नात आलेले आहेत, सेलमध्ये घेतलेले आहेत, माझ्या दोन धडधाकट पँटी बोहारणीच्या स्वाधीन करून बायकोने मिळवलेले आहेत. शेजारच्यांचेही दोन आहेत. आमचे तीन त्यांच्याकडे असल्यामुळे त्याबद्दल कुणी बोलत नाही. पण 'ते' चमचे म्हटलं की आमच्याकडे फक्त सहा.

'ते' चमचे १९७४ साली आईच्या लग्नात तिच्या मामांनी आहेर म्हणून दिले. मामांनी ते कँपातल्या कुठल्याशा लिलावात घेतले होते. म्हणजे आमच्या घरात नवे म्हणून आले तेव्हाच ते कुणा साहेबाने वापरून सोडलेले होते. सात इंच लांबी, जाड दांडा, दांड्याच्या टोकाला शिंपल्याची नक्षी. मामांनी हौसेने प्रत्येकाच्या पाठीवर आईच्या सासरच्या नावाचं आद्याक्षर कोरून घेतलं होतं. पूर्ण नाव घातलं असतं, पण कोरणारा अक्षरागणिक पैसे घेत असे आणि मामांची हौस सहा अक्षरांपर्यंतच होती. दर चमच्याला एक.

हे चमचे चांदीचे आहेत, अशी आमच्या घरात पिढीजात समजूत. मी बँकेत लागल्यावर सोनेतारणाचं सोनं तपासायला येणाऱ्या सराफांना त्यातला एक दाखवला. त्यांनी तो उलटा केला, भिंग लावलं आणि मराठीत 'अरेरे' म्हणून इंग्रजीत चार अक्षरं वाचली : ई. पी. एन. एस. म्हणजे इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर. आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो ते हेच : तांबं, जस्त आणि निकेल. नावात सिल्व्हर, मालात औषधालाही नाही. त्यावर विजेच्या साहाय्याने चांदीचा पातळ मुलामा द्यायचा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी १८४० साली या कृतीचं पेटंट घेतलं आणि ज्यांना चांदी परवडत नव्हती त्यांनाही चांदीचा थाट परवडू लागला. ती चार अक्षरंसुद्धा चार वेगळ्या चौकटींत अशी ठसवतात, की लांबून पाहणाऱ्याला अस्सल चांदीवरचा शिक्का वाटावा. वर चकाकी, आत तांबं-जस्त आणि पाठीवर इंग्रजी अक्षरांची पदवी! मला तो चमचा एकदम आमच्या बी. कॉम.च्या वर्गातला वाटला. आईला मात्र यातलं काही सांगितलं नाही. पन्नास वर्षांच्या चांदीचं तांबं करणारा मी कोण?

वर्षभर हे चमचे कपाटात मलमलीच्या फडक्यात झोपलेले असतात. पाडव्याला उठतात, श्रीखंड खातात आणि पुन्हा झोपतात. बाबा होते तोवर ते मांडायचं काम बाबांचं. एरवी स्वतःचं पाणी न घेणारा हा माणूस पाडव्याला मात्र एकेक चमचा हातात घेऊन, उलटसुलट निरखून पाटापुढे ठेवायचा आणि त्यातला एक न चुकता स्वतःच्या वाटीत घालायचा. दांड्यावर जरासा पोचा आलेला तो चमचा. आम्ही त्याला 'बाबांचा चमचा' म्हणत असू. २००९ साली बाबा गेले. पुढच्या पाडव्याला आईने काही न बोलता तो माझ्या वाटीत ठेवला. तेव्हापासून तो माझा.

आता गुन्ह्याकडे वळतो.

डिसेंबरात आमच्या शाखेतले एक जुने सहकारी निवृत्त झाले. निरोपाला बासुंदी होती. २०२२च्या जुलैपासून प्लॅस्टिकच्या चमच्यांवर देशभर बंदी आली, तेव्हापासून अशा समारंभांना लाकडी चमचे येतात. त्या चमच्याने बासुंदी खाताना आपण घसा तपासून घेतोय असं वाटतं. आमच्या मॅनेजरसाहेबांना तर लाकूड जिभेला लागलं की शहारे येतात. हे मला ठाऊक होतं. हल्ली आम्हा कारकुनांना 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात; पण नाव बदललं म्हणून कणा बदलत नाही. मी आदल्या रात्री कपाट उघडलं आणि साहेबांसाठी 'त्या' सहांतला एक चमचा डब्याच्या पिशवीत घातला.

साहेबांनी बासुंदी खाल्ली. 'वा, चमचा झकास आहे,' म्हणाले. मग भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला, सगळ्यांचे डोळे पाणावले, आणि त्या पाणावलेल्या डोळ्यांनी कुणीतरी द्रोण, पत्रावळी आणि चमचे एकत्र गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत टाकले. मला आठवण झाली तेव्हा गाडी गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी शाखेतलं प्रत्येक टेबल वाकून पाहिलं.

''काय शोधताय?'' एकाने विचारलं.

''चमचा.''

''मग खाली काय बघताय? साहेबांच्या केबिनमधल्या आरशात बघा!''

हा विनोद त्या आठवड्यात मला अकरा जणांनी ऐकवला. त्यातला प्रत्येकजण तो स्वतःला पहिल्यांदा सुचल्यासारखा हसला.

बायकोला खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, ''अहो, आईंना कळलं तर?'' एवढंच. पण तो प्रश्न तिने रोज, वेगवेगळ्या वेळी, एकाच स्वरात विचारला. पाडव्याला तीन महिने होते. बँकेच्या भाषेत सांगायचं, तर ज्या रकमेचा ठावठिकाणा लागत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो आणि हिशेब बंद व्हायच्या आत निकाली काढतो. आमच्या घरातल्या सस्पेन्स खात्याला पाडव्याची मुदत होती.

नमुना म्हणून मी बाबांचा, म्हणजे माझा, चमचा घेतला. रुमालात गुंडाळून खिशात ठेवला आणि निघालो.

पहिल्यांदा गेलो रविवार पेठेत, भांड्यांच्या दुकानात. दुकानदाराने चमचा हातात घेतला, तोलला आणि विचारलं, ''मोड घालायची का?'' नव्या भांड्याच्या बदल्यात जुनं वजनावर देणं म्हणजे मोड घालणं. आमच्या आयांच्या पिढीने स्टीलच्या मोहापायी घरची पितळ्याची पातेली, घंगाळं, समया अशाच मोडीत काढल्या. मी म्हटलं, ''मोडीत नाही, जोडीत घालायचाय.'' त्याने मला स्टीलचे सहा चमचे दाखवले आणि म्हणाला, ''हे घ्या, जन्मात गंजणार नाहीत.'' गंज चढण्याइतकं आयुष्य ज्यांना मिळालंय, त्यांचाच जोडीदार मी शोधतोय, हे त्याला समजावणं कठीण होतं.

मग मुंबईचा चोर बाजार. एका शुक्रवारी रजा टाकून मटन स्ट्रीटवर पोहोचलो, तर जुन्या वस्तूंची दुकानं बंद. शुक्रवारी ती बंदच असतात, हे तिथल्या चहावाल्याने मला सांगितलं आणि चहाचे पैसे घेतले. पुढच्या खेपेला महिन्याचा चौथा शनिवार पकडला; त्या दिवशी बँका बंद असतात आणि चोर बाजार उघडा. या योगायोगातून कुणी काही अर्थ काढू नये.

तिथे ग्रामोफोनचे कर्णे, जहाजावरची घड्याळं, हंड्या, झुंबरं यांच्या आड एका दुकानात हुबेहूब आमचे चमचे दिसले. तोच शिंपला! ''इसको किंग्ज पॅटर्न बोलते हैं,'' दुकानदार म्हणाला. मखमलीच्या पेटीत बाराचे बारा झोपले होते. म्हटलं, एक द्या.

''सेट नहीं तोडेगा, सेठ.''

''पण मला एकच हवाय.''

''एक तोडा तो बाकी ग्यारह का मैं क्या करेगा? आपके जैसा घूमेगा?''

वाणिज्य शाखेचा पदवीधर असून मला उत्तर सुचलं नाही. त्याने मग दयेने सुट्या चमच्यांचा एक डबा पुढे केला. त्यात नक्षी जुळणारा एक निघाला. पाठ फिरवून पाहिली, तर इंग्रजीत जी. आय. पी. रेल्वे! ही रेल्वे १९५१ साली मध्य रेल्वेत जमा झाली. पण रेल्वेचं खातं! पंच्याहत्तर वर्षांपूर्वीच्या डायनिंग कारमध्ये एक चमचा कमी भरल्याची नोंद कुठेतरी अजून उघडी असायची, आणि तो नेमका बँकेच्या नोकराच्या घरी सापडायचा! मी तो परत ठेवला. शिवाय आईच्या चमच्यांत रेल्वेचा चमचा दिसला असता, तर तिचे मामा तिकीट काढून प्रवास करत की नाही, इथपासून चर्चा सुरू झाली असती.

राहता राहिला आपला पुण्याचा जुना बाजार. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. रविवारी मी 'पाय मोकळे करून येतो' म्हणून जायचो. बुधवारी अर्ध्या दिवसाच्या रजा टाकू लागलो. कारण 'खाजगी'. चौथ्या अर्धरजेला साहेबांनी विचारलं, ''काय, मुलीसाठी स्थळं बघताय की काय?'' मी 'हो' म्हणालो. फारसं खोटं नव्हतं. उंची बघायची, रंग बघायचा, पाठीचा इतिहास बघायचा आणि 'कळवतो' म्हणून पुढच्या ताडपत्रीवर जायचं. याहून स्थळं बघणं वेगळं काय असतं?

त्या ताडपत्र्यांवर काय नसतं! नटबोल्ट, नळाच्या तोट्या, कुलपांविना किल्ल्या, किल्ल्यांविना कुलपं, एका पायाचा बूट. आणि भांडी. पितळेचे डबे, तांबे, पेले, पानाचे डबे, आणि त्यांच्यावर ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली नावं. 'चि. सौ. कां. अमकीस लग्नाप्रीत्यर्थ, आत्याकडून.' 'कै. तमक्यांच्या स्मरणार्थ.' खाली सन १९३८, सन १९५२. कुणाच्या तरी आत्याने चार महिने पैसे साठवून दिलेला डबा किलोवर चाललेला. पहिल्या रविवारी मी ती नावं गंमत म्हणून वाचली. तिसऱ्या रविवारी वाचायचं टाळू लागलो. बँकेत एखादी ठेव दहा वर्षं कुणी विचारली नाही, तर ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. २०१४ साली तसा निधीच काढला आहे. पण उद्या वारस कागदपत्रं घेऊन आला, तर पैसे परत मिळतात. आत्याच्या डब्याला ती सोय नाही. तो एकदा ताडपत्रीवर आला, की वारसालासुद्धा विकतच घ्यावा लागतो.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मला तो सापडला. दाराच्या बिजागऱ्यांच्या ढिगाखालून शिंपला डोकावत होता. हळूच ओढला. सात इंच. तीच ई. पी. एन. एस.ची पदवी, तसाच वाटीच्या बुडाशी उडालेला मुलामा. पाठ कोरी, आधीच्या घरच्या नावाशिवाय! मी चेहरा शक्य तितका निर्विकार ठेवून, गेली बावीस वर्षं कर्जाचा अर्ज घेऊन आलेल्या माणसाकडे पाहतो तसा पाहत विचारलं, ''केवढ्याला?''

म्हातारबुवांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या दुसऱ्या हातातल्या रुमालाकडे पाहिलं. ''जोडीचा घेऊन फिरताय जणू. आठशे.''

''एका चमच्याला आठशे? अहो, आख्खा सेट...''

''साहेब, सेट विकताना गरज माझी असती. एक विकताना तुमची.''

अर्थशास्त्राच्या पेपराला मी या मुद्द्यावर दोन पानं लिहिली होती. त्यांनी दोन वाक्यांत संपवला. साडेतीनशेला सौदा तुटला. म्हणजे मी साडेतीनशेवर तुटलो.

आता फक्त अक्षर राहिलं. भांड्यांवर नावं घालणारा शोधला. पूर्वी छिन्नी आणि हातोडी असे. हल्ली विजेवर चालणारी लेखणी असते. बाबांचा चमचा त्याच्यापुढे ठेवून मी बजावलं, ''यावर जसं आहे तसंच्या तसं उतरवायचं. एका रेषेचाही फरक नको.''

''काय अक्षर आहे हे?'' त्याने विचारलं. झिजून ते पुसट झालं होतं.

''तुम्ही वाचत बसू नका हो, बघून काढा.''

''आम्ही बघूनच काढतो,'' तो म्हणाला. ''वाचत कधीच नाही.''

पाच मिनिटांत काम झालं. मी दोन्ही चमचे शेजारी धरले. सही पडताळणं हा माझा धंदा आहे. रोज शेकडो चेकवरच्या सह्या मी नमुन्याशी ताडून पाहतो. वेलांटी वाकडी झाली तर चेक परत पाठवतो. या दोन अक्षरांत मला केसाचाही फरक दिसला नाही. बाबांचा चमचा आणि नवा, दोन्ही रात्री गुपचूप फडक्यात गेले. सहा. हिशेब जुळला. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

पाडवा आला. धाकटा भाऊ आणि त्याची बायको जेवायला आले. बाबा गेल्यापासून चमचे आईच मांडते. तिने फडकं सोडलं. मी वर्तमानपत्र वाचत होतो. उलटं धरलं होतं, असं नंतर बायकोने सांगितलं. आईने एक, दोन, तीन, चार चमचे ठेवले. उरलेले दोन हातात घेऊन खिडकीशी गेली, चष्मा कपाळावर चढवून पाठी पाहिल्या, आणि हसायलाच लागली. पंचाहत्तरीची बाई, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

''अरे बाळ,'' ती म्हणाली, ''माझ्या नावातला 'सु' कोणता?''

''ऱ्हस्व.''

''मग हे वाच.''

मी चारही चमचे उलटे करून पाहिले : 'सु'. मग ते दोन पाहिले. 'सू'. दोन्हींवर, एका रेषेचाही फरक नसलेला, ठसठशीत दीर्घ 'सू'! दोन महिने मी त्या चमच्याची लांबी मोजली, वजन केलं, शिंपल्याच्या रेघा मोजल्या. वाचला मात्र नव्हता.

''म्हणजे बाबांचा चमचा...''

''तोही जुन्या बाजारातलाच,'' आई खाली बसत म्हणाली. ''१९८१ साल. हा धाकटा व्हायचा होता, म्हणून तुला साताऱ्याला आत्याकडे ठेवायला हे घेऊन गेले. तू दोन वर्षांचा. या चमच्याशिवाय घास घ्यायचा नाहीस, म्हणून बरोबर एक दिला होता. नीरेच्या पुलावर गाडी आली आणि तू तो खिडकीतून नदीत टाकलास. आणि टाळ्या वाजवल्यास.''

''बाबांनी सांगितलं?''

''छे! ते कसले सांगतायत! बाळंतिणीला कशाला त्रास, म्हणून गप्प राहिले. तुझ्या आत्याने पत्रात लिहिलं, दादा चमच्यासाठी फार हळहळतोय म्हणून. मी घरी आले तर चमचे सहाच्या सहा! कुठून शोधला, कसा शोधला, देव जाणे. कोरणाऱ्याने दीर्घ घातला, आणि परत जाऊन सांगायचा यांना धीर झाला नसेल. तेव्हापासून पाडव्याचे चमचे मांडायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. तेवढा एक माझ्या हाती लागू नये म्हणून स्वतःच्या वाटीत. अठ्ठावीस वर्षं.''

''आणि तू?''

''मला कळलंय हे त्यांना कळू नये, म्हणून मीही अठ्ठावीस वर्षं त्यांच्या वाटीकडे पाहिलं नाही.''

कुणीच काही बोललं नाही. श्रीखंडाचं पातेलं मधोमध तसंच होतं. माझ्या डोळ्यांपुढे बाबा आले. माझ्याहून तरुण, हाफशर्टातले, रुमालात चमचा गुंडाळून बिजागऱ्यांच्या ढिगापाशी उकिडवे बसलेले. त्यांना तो केवढ्याला पडला असेल? घासाघीस त्यांना माझ्याहूनही कमी जमायची.

''आणि हा आत्ताचा?'' मी शेवटी विचारलं. ''हा तुला कधी कळला?''

''डिसेंबरात. बासुंदीचा वास येणारी पिशवी रिकामी घेऊन आलास आणि 'आज भूक नाही' म्हणालास, तेव्हाच.''

म्हणजे हिशेब असा झाला : दोन चमचे गेले, दोन्ही माझ्या नावावर. एकाची भरपाई बाबांनी केली, एकाची मी. दोघांनीही शुद्धलेखनाची तीच चूक केली. आणि ज्या पार्टीला फसवायचं होतं, तिला दोन्ही वेळा पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. असला ताळेबंद बँकेत सादर केला, तर चौकशी लागेल.

''जाऊ दे रे,'' आई म्हणाली आणि दोन्ही 'सू' माझ्या वाटीशेजारी ठेवले. ''त्या बिचाऱ्याला इतकी वर्षं त्या चौघांत करमत नसेल. आता जोडीदार मिळाला.''

जेवणं झाली. मुलगी म्हणाली, ''आजी, उद्या कॉलेजात मैत्रिणींना श्रीखंड न्यायचंय. चमचा देशील?''

मी 'स्टीलचा ने' म्हणेपर्यंत आईने नवा 'सू' पुसून तिच्या हातात दिलासुद्धा.

''हा ने,'' ती म्हणाली. ''हरवला तरी घाबरू नकोस. तुझ्या बाबांना दुकान ठाऊक आहे.''